नाव गावाचे, निवड कोणाची?

ज्या संघाच्या छातीवर आपल्या गावाचे नाव आहे त्या संघात कोणी खेळावे हे ठरवण्याचा तिळमात्र अधिकार नसताना, त्याच्या जयापजयाचा भार मात्र जो वर्षानुवर्षे निष्ठेने आपल्या मनावर वाहतो, त्या माणसाला आपण चाहता म्हणतो; आणि खेळाडूंच्या निवडीचा दिवस हा या माणसाच्या वर्षातील सर्वांत असहाय दिवस असतो. सामना हरला तर निदान मैदान, हवा, नाणेफेक, पंच यांपैकी कोणाकडे तरी बोट दाखवता येते. निवडीच्या दिवशी मात्र चार-सहा माणसे दूरच्या शहरातील एका दिवाणखान्यात बसून जे ठरवतात, त्याचे परिणाम पुढचे अनेक महिने ज्याला भोगावे लागतात, त्याला त्या दिवाणखान्याच्या उंबरठ्यापाशीही जागा नसते. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतील क्रिकेटप्रेमी माणसाच्या मनात ‘हुबळी टायगर्स’ या संघाविषयी जो जिव्हाळा आणि जो संताप एकाच वेळी नांदतो, त्याचे मूळ या विपरीत व्यवस्थेत आहे. ती व्यवस्था काय आहे, तिच्यात चाहत्याचा राग कोठे न्याय्य आहे आणि कोठे अनाठायी आहे, याचा शांतपणे विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

खेळाडूंच्या लिलावाच्या दिवशी हुबळीच्या दुर्गद बैल बाजारपेठेतील एखाद्या चहाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तरी या संतापाचे स्वरूप ध्यानी येते. बाहेर जुलैचा पाऊस लागलेला असतो, आत एका मोबाइलभोवती पाच-सात डोकी एकवटलेली असतात, आणि कानडी व मराठी यांच्या सरमिसळीत, जी या गावाची रोजची भाषा आहे, प्रत्येक बोलीवर तत्काळ निवाडा दिला जात असतो. “अण्णा, ह्याला कशाला घेतला ओ? आपला कप्तान सोडला, अन् ह्याच्यावर पैसा ओतला!” असे एक जण कळवळून म्हणतो, त्यावर दुसरा, “आता थैली रिकामी झाली बघा, आपल्या भागातल्या पोरांना कोण विचारतो?” असे म्हणून पेला खाली ठेवतो. या दोन वाक्यांत चाहत्याच्या फिर्यादीची दोन्ही मुख्य कलमे आलेली आहेत: ओळखीचा माणूस गेला हे एक, आणि आपल्या मातीतला माणूस आला नाही हे दुसरे.

प्रथम या संघाचा पूर्वेतिहास पाहू. कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेने २००९ साली कर्नाटक प्रीमियर लीग सुरू केली, तेव्हा राज्यातील शहरांची व प्रांतांची नावे धारण करणारे संघ प्रथमच उभे राहिले. हुबळीचा संघ पुढे त्यांत सामील झाला आणि २०१९ साली विनयकुमारच्या नेतृत्वाखाली, अंतिम सामन्यात बळ्ळारी टस्कर्सचा पराभव करून त्याने विजेतेपद मिळवले. पण त्याच वर्षी सामनेनिश्चितीच्या आरोपांवरून पोलिसांचा तपास सुरू झाला, काही जणांना अटक झाली आणि ती स्पर्धाच बंद पडली. २०२२ साली संघटनेचे दिवंगत अध्यक्ष श्रीकंठदत्त नरसिंहराज वाडियार यांच्या स्मरणार्थ ‘महाराजा ट्रॉफी’ या नावाने वीस षटकांची नवी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात हुबळीचे वाघ पुन्हा आले, आणि २०२३ साली मनीष पांडेच्या नेतृत्वाखाली २०३ धावा उभारून व मैसूर वॉरियर्सला ८ धावांनी हरवून ते पुन्हा विजेते झाले. याच संघाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी बेंगळूर ब्लास्टर्सविरुद्धची बरोबरी सोडवण्यासाठी एकामागून एक तीन सुपर ओव्हर खेळून सामना जिंकला. एखाद्या सामन्याचा निकाल लागण्यास तीन सुपर ओव्हर लागण्याचा तो प्रसंग अपूर्व होता. अशा संघावर गावाने जीव लावावा यात नवल नाही.

संघ भरण्याच्या दोन रीती जगात रूढ आहेत. एक ‘ड्राफ्ट’ची, म्हणजे क्रमवार निवडीची, दुसरी लिलावाची. ड्राफ्टमध्ये खेळाडूंच्या प्रतवाऱ्या आणि त्यांचे मोबदले आधीच ठरलेले असतात आणि संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचे असते. तेथे पैशाची चढाओढ नसते, आपली पाळी येईपर्यंत हवा तो खेळाडू शिल्लक राहतो की नाही, एवढाच प्रश्न असतो. लिलावात प्रत्येक संघाला सारख्याच रकमेची थैली दिलेली असते, प्रत्येक खेळाडूची मूळ किंमत जाहीर असते, आणि जो अधिक बोली लावील त्याच्या पदरात तो खेळाडू पडतो. महाराजा ट्रॉफीच्या पहिल्या वर्षी संघ ड्राफ्टने भरले गेले; २०२३ पासून लिलाव आला.

लिलावाचे गणित दिसते तितके सोपे नाही, आणि चाहत्याचा निम्मा संताप ते गणित डोळ्यांपुढे नसल्यामुळे उद्भवतो. २०२३ साली प्रत्येक संघाची थैली ५० लाखांची होती. हुबळीने मनीष पांडेसाठी त्यांतील १० लाख ६० हजार मोजले, म्हणजे एका माणसावर एकपंचमांशाहून अधिक रक्कम खर्ची पडली. सोळा जणांचा संघ धरला तर उरलेल्या पंधरांसाठी ३९ लाख ४० हजार राहिले. माणशी सरासरी पावणेतीन लाखांहूनही कमी. आता पुढच्या नावावर बोली चढू लागली की संघाच्या चालकाला त्या एका खेळाडूचे मोल पाहून चालत नाही. यष्टिरक्षक अजून घ्यायचा आहे, डावखुरा फिरकी गोलंदाज मिळालेला नाही, अखेरची षटके टाकणारा कोणी हाताशी नाही, प्रतिस्पर्ध्याच्या थैलीत अजून किती शिल्लक आहे, या सर्वांचा हिशेब त्याला हातातला फलक वर करण्यापूर्वी, काही क्षणांत करावा लागतो. तो हात आखडता घेतो तेव्हा बाहेरच्या माणसाला तो भित्रा किंवा अजाण वाटतो. परंतु पुष्कळदा त्याने तो हात पुढच्या चार नावांसाठी राखून ठेवलेला असतो.

याच लिलावाच्या शेवटच्या तासाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि खरे पाहता सर्वांत अधिक पाहण्यासारखा तास तोच असतो. मोठी नावे संपलेली असतात, थैल्या तळाला गेलेल्या असतात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या क्लबांतून खेळलेल्या मुलांची नावे एकामागून एक भराभर वाचली जातात. नाव वाचले जाते, मूळ किंमत सांगितली जाते, कोणताही फलक वर होत नाही, आणि पुढचे नाव येते. त्या काही क्षणांत एखाद्या मुलाच्या दहा वर्षांच्या मेहनतीचा त्या वर्षापुरता निकाल लागलेला असतो. संघाने आपल्या परिसरातील निदान दोन खेळाडू घेतले पाहिजेत, असा दंडक या स्पर्धेत घातला गेला, तो याच कारणासाठी. कारण तो नसता तर प्रादेशिक नाव धारण करणाऱ्या संघात त्या प्रदेशातील एकही माणूस असण्याची हमी कोणी दिली नसती.

वर सांगितलेली क्रमवार निवडीची रीत मूळची अमेरिकेतली. तेथील फुटबॉल, जो आपल्या फुटबॉलहून निराळा, हाताने चेंडू फेकण्याचा व अंगावर अंग घेऊन अडवण्याचा खेळ आहे, त्याच्या व्यावसायिक लीगमध्ये श्रीमंत संघच दरवर्षी उत्तम खेळाडू ओढून नेत. फिलाडेल्फिया ईगल्स या दुबळ्या संघाचा मालक बर्ट बेल याने असा प्रस्ताव मांडला की, महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू सर्व संघांनी पाळीने निवडावेत आणि जो संघ सर्वांत खाली राहिला असेल त्याला पहिली पाळी मिळावी. त्यानुसार ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पहिला ड्राफ्ट झाला. पहिले नाव उचलण्याचा मान ईगल्सकडेच आला. त्यांनी जे बरवॅंगर या नामांकित खेळाडूला निवडले, आणि मोबदल्याची बोलणी न जमल्याने तो खेळाडू व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. निवडीची संस्था आणि निवडीची निराशा या दोन्ही अशा एकाच दिवशी जन्मास आल्या.

त्याच फिलाडेल्फियाच्या चाहत्यांचा १९९९ सालचा प्रसंग तर या विषयाचा नमुनेदार दाखला मानावा लागेल. रिकी विल्यम्स या खेळाडूलाच घ्यावे, असा आग्रह धरून त्या शहरातील चाहत्यांचा एक जथा न्यूयॉर्कमधील ड्राफ्टच्या सभागृहात जाऊन बसला होता. संघाने डोनोव्हन मॅकनॅबचे नाव पुकारले, तेव्हा तो तरुण मंचावर येत असताना त्याच्याच भावी चाहत्यांनी त्याची मोठ्याने हुर्यो उडवली. विल्यम्सला न्यू ऑर्लिन्सच्या संघाने आपले त्या वर्षीचे सगळे निवडक्रमांक मोजून मिळवले. पुढे काय झाले? ज्याची हुर्यो झाली त्या मॅकनॅबने ईगल्सला वर्षामागून वर्ष उपांत्य टप्प्यापर्यंत नेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सुपर बोल या अंतिम सामन्यात उभे केले. तो सामना ईगल्स तीन गुणांनी हरले, आणि त्यांना हरवणाऱ्या संघाचा सूत्रधार होता टॉम ब्रॅडी. म्हणजे २००० सालच्या ड्राफ्टमध्ये १९८ नावे पुकारली जाईपर्यंत ज्याला कोणीच उचलले नव्हते, तो खेळाडू. एकाला चाहत्यांनी नाकारले होते, दुसऱ्याला तज्ज्ञांनी; आणि त्या वर्षीच्या सर्वोच्च सामन्यात समोरासमोर उभे राहिले ते हेच दोघे.

आपल्याकडे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगनेही हाच मार्ग प्रथम अनुसरला. २०१७ साली मुंबईत झालेल्या निवडीत जमशेदपूरच्या नव्या संघाने अनस एडतोडिका या बचावपटूला पहिल्या पाळीत घेतले. पुढे मात्र क्लब खेळाडूंशी थेट करार करू लागले. क्रिकेटने लिलाव पत्करला आणि त्याबरोबर आली ती वार्षिक ताटातूट. आयपीएलचा बेंगळूरचा संघ हुबळी-धारवाडकरांना आपलाच वाटतो. त्या संघाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथील लिलावात कर्नाटकाचा के. एल. राहुल दिल्लीला जाऊ दिला, वर्षानुवर्षे राबलेला मोहम्मद सिराज गुजरातला जाऊ दिला, आणि कृणाल पंड्यासारख्या बाहेरच्या माणसावर ५ कोटी ७५ लाख खर्च केले, तेव्हा या भागात केवढा विषाद पसरला होता हे येथील कोणीही सांगेल. ३ जून २०२५ रोजी त्याच संघाने अठरा वर्षांतील पहिले विजेतेपद मिळवले, आणि अंतिम सामन्याचा मानकरी ठरला तो कृणाल पंड्याच.

टायगर्सच्या बाबतीतही तसेच घडले. ज्याने २०२३ चे विजेतेपद मिळवून दिले तो मनीष पांडे २०२५ च्या लिलावात १२ लाख २० हजारांना मैसूरकडे गेला आणि हुबळीने देवदत्त पडिक्कलवर १३ लाख २० हजार, त्या लिलावातील सर्वांत मोठी रक्कम, खर्च केली. आपल्या विजेत्या कप्तानाला प्रतिस्पर्ध्याच्या गणवेशात पाहणे कोणाही चाहत्याच्या जिव्हारी लागेल. परंतु पडिक्कलच्या नेतृत्वाखाली टायगर्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि पावसाने खंडित झालेल्या त्या सामन्यात मंगळूर ड्रॅगन्सकडून हरले. निवड चुकली होती असे या फलितावरून म्हणता येणार नाही.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. कोणता खेळाडू उद्या कसा खेळेल याविषयीचे चाहत्याचे भाकीत तज्ज्ञांच्या भाकिताइतकेच चुकते. म्हणून ‘अमक्याला सोडून तमक्याला का घेतले’ या प्रश्नावर आकांडतांडव करणे अनाठायी आहे, आणि त्या रागाच्या भरात ज्याला घेतले त्या खेळाडूचीच अवहेलना करणे तर सर्वथा अन्याय्य आहे. कारण संघाने त्याला निवडले होते, त्याने संघाला निवडले नव्हते. परंतु याचा अर्थ चाहत्याची सगळी फिर्याद काढून टाकावी असा मुळीच नाही. तिचे दुसरे कलम, आपल्या भागातील मुलांना वाव मिळत नाही हे, भाकिताचे नाही, ते हक्काचे आहे.

या भागात गुणांची उणीव कधीच नव्हती. गदगचा एक मुलगा क्रिकेटच्या सरावासाठी पहाटे निघून साठ किलोमीटरांच्या आसपासचे अंतर कापून हुबळीला येई आणि सराव संपवून शाळेच्या वेळेला परत गदग गाठी. तो मुलगा म्हणजे सुनील जोशी. १९९६ साली तो भारताकडून कसोटी सामन्यात उतरला. १९९९ साली नैरोबी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने दहा षटकांत, त्यांतील सहा निर्धाव टाकून, अवघ्या सहा धावांत पाच बळी घेतले. आणि मार्च २०२० मध्ये तो भारताच्या निवड समितीचा अध्यक्ष झाला. ज्या मुलाला शिकण्यासाठी रोज परगावी जावे लागत होते त्याच्याच हाती देशाच्या संघाची निवड आली, ही घटना या प्रांताने कधीही विसरू नये. बेळगावच्या रोनित मोरेने कर्नाटकाच्या जलद गोलंदाजीचा भार वाहिला. असे खेळाडू आपल्या मातीत निपजतात ते कोणाच्या मेहरबानीने नव्हे. पण गदग, हावेरी, कारवार, बेळगाव येथील मुलाला राज्याच्या निवडकर्त्यांच्या दृष्टीस पडायचे तर अजूनही बेंगळूर गाठावे लागते, तेथे खोली भाड्याने घ्यावी लागते, तेथील क्लबात नाव घालावे लागते. आणि ज्याच्या घरी हा खर्च झेपत नाही त्याचे नाव लिलावाच्या यादीपर्यंत पोहोचतच नाही. हुबळीच्या नावाच्या संघाचे खरे प्रयोजन हे अंतर कमी करणे हेच असले पाहिजे.

तिसरी तक्रार निवडीबाहेरची वाटली तरी निवडीशी घट्ट बांधलेली आहे, ती मैदानाची. हुबळीच्या राजनगर भागात राज्य संघटनेचे उत्तम मैदान आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथेच चेतेश्वर पुजाराने वेस्ट इंडीजच्या ‘अ’ संघाविरुद्ध नाबाद ३०६ धावा काढल्या होत्या, आणि कर्नाटक प्रीमियर लीगच्या काळात तेथे सामने होत. महाराजा ट्रॉफीचे मात्र २०२२ ते २०२५ या चारही वर्षांतील सामने बेंगळूर व मैसूर येथेच झाले. २०२५ साली बेंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानाबाहेर ४ जून रोजी चेंगराचेंगरीत अकरा जणांचा दुर्दैवी अंत झाल्यावर स्पर्धा तेथून हलवावी लागली, तेव्हाही ती मैसूरला गेली. म्हणजे हुबळीच्या संघाने हुबळीत न खेळता विजेतेपद मिळवले आणि हुबळीकराने ते सुमारे चारशे किलोमीटरांवरून, पडद्यावर पाहिले. ज्या खेळाडूला आपण कधी सरावाला येताना पाहिले नाही, ज्याची सही आपल्या मुलाने वहीवर घेतली नाही, तो लिलावात गेला काय आणि राहिला काय, त्याच्याशी आपले नाते फक्त त्याच्या किमतीपुरते उरते. आणि मग चाहता निवडीचा विचार माणसांच्या भाषेत न करता रुपयांच्या भाषेत करू लागतो. चहाच्या दुकानातील तो कडवटपणा बहुतांशी या दुराव्यातून आलेला आहे.

म्हणून संघाच्या चालकांना आणि राज्य संघटनेला चाहत्यांच्या वतीने तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात, आणि त्यांतील एकीलाही फार मोठा पैसा लागत नाही. लिलाव आटोपल्यावर संघाच्या प्रशिक्षकाने हुबळीत येऊन, कोणाला का घेतले व कोणाला का सोडले हे चाहत्यांपुढे उघडपणे सांगावे. कारण कळले की पटले नाही तरी सोसवते. परिसरातील दोन खेळाडूंची अट कागदोपत्री पाळून त्यांना राखीव बाकावर बसवून ठेवू नये. लिलावापूर्वी धारवाड, गदग, हावेरी व कारवार येथे निवड-शिबिरे भरवून खरोखरच खेळवण्याजोगी मुले शोधावीत आणि त्यांना सामन्यांत उतरवावे. आणि स्पर्धेतील काही थोडे का होईना, पण सामने राजनगरच्या मैदानावर व्हावेत.

चाहत्यांनाही एक सांगणे आहे. कोणत्याही निवडीचा निकाल तीन हंगाम पाहिल्याशिवाय देऊ नये, आणि बोलीच्या आकड्यावर भांडण्यात जो वेळ जातो त्यातला थोडा आपल्याच गल्लीतील मैदानावर चेंडू टाकणाऱ्या मुलाकडे पाहण्यात घालवावा. त्याला क्लबाची वर्गणी, बरे बूट, बेंगळूरच्या चाचणीचे रेल्वेभाडे यांपैकी काही कमी पडत असेल तर चार जणांनी मिळून ते भागवावे. लिलावाच्या दिवाणखान्यात आपल्याला जागा नाही हे खरे. परंतु त्या दिवाणखान्यात कोणाचे नाव वाचले जावे, याची तयारी हुबळी-धारवाडच्या मैदानांवर होते, आणि तेथे आपल्याला कोणीही अडवलेले नाही.